न कमावलेली जागा

माझी वहिनी लिओकेडिया ग्राबारेक. लिंकन अव्हेन्यूवर सगळे तिला लॉटी म्हणत. नावडती गोष्ट समोर आली की ती लगेच बोलायची नाही. आधी नाकाचा शेंडा वर जायचा, मग ओठ एका बाजूला ओढला जायचा, आणि हातात फडकं असलं तर ती समोरचं टेबल पुसायला लागायची, जणू बोलणाऱ्याच्या तोंडून काहीतरी सांडलंय. एवढं झालं की म्हणायची, "शी."

हे नाक तिनं चामड्याच्या कारखान्यात मिळवलं होतं. मिलवॉकीत तेव्हा नदीकाठी असे कारखाने ओळीनं होते, आणि वारा फिरला की अख्ख्या दक्षिण भागाला मळमळायचं. लॉटी तिथे पोरवयातच लागली, कमावलेली कातडी तपासायला. कातडं वरून कितीही चकाको, आत कच्चं असलं तर ती दोन बोटांत धरून बाजूला भिरकावायची. मुकादमाशीही त्यावरून भांडायची. माझा थोरला भाऊ काझ तिथे ट्रक घेऊन जायचा. "माझ्याकडे बघून तिनं नाक मुरडलं नाही, म्हणून मी लग्नाचं विचारलं," असं तो मरेपर्यंत सांगत होता.

दोघांनी मिळून कोपऱ्यावरचा बार घेतला. खाली बार, मागे स्वयंपाकघर, वर बिऱ्हाड. शुक्रवारी तळलेला मासा आणि बटाट्याची धिरडी. काझ गेल्यावर लोकांना वाटलं, ही आता विकेल. तिनं विकला नाही. मी ब्रुअरीतून नुकताच निवृत्त झालो होतो, मी काउंटरमागे उभा राहू लागलो, आणि पुढे माझा मुलगा डेलही आला.

बास्केटबॉल ही त्या घराची दुसरी देवपूजा. आमच्याकडच्या व्यावसायिक संघांची दोन विभागांत वाटणी आहे, पूर्व आणि पश्चिम. दोन्हीकडचे पहिले आठ-आठ संघ बाद फेरीत जातात, आणि शेवटी पूर्वेचा विजेता पश्चिमेच्या विजेत्याला भिडतो. लॉटीच्या तरुणपणी मिलवॉकीचा संघ पश्चिमेत होता. १९७१ साली पश्चिमेकडून खेळूनच आम्ही सगळ्यांच्या वर गेलो. मग १९८० साली कुणीतरी नकाशावरची रेघ सरकवली आणि एका उन्हाळ्यात आम्ही पूर्वेचे झालो.

"बरं झालं," काझ म्हणाला होता. "पोरांचा प्रवास वाचेल."

"प्रवास वाचेल आणि हाडं मोडतील," लॉटी म्हणाली. "तिकडे बॉस्टन आणि फिलाडेल्फिया बसलेत."

तसंच झालं. ते सगळं दशक आमच्याकडे उत्तम संघ होता आणि जवळजवळ दरवर्षी या दोघांपैकी एक जण आम्हांला घरी पाठवायचा. काझ रेडिओवर बूट फेकायचा. लॉटी शांतपणे मासे पिठात घोळवायची. "मार खरा आहे," म्हणायची. "खऱ्या माराची लाज नसते." तेव्हा पूर्व भारी होती आणि ती तसं म्हणायची. पुढे वारं फिरलं. नवं शतक लागेपर्यंत पश्चिमेतला सातवा-आठवा संघही पूर्वेतल्या तिसऱ्या-चौथ्याला रडवू लागला, आणि लॉटी तेही म्हणू लागली. दोन्ही घरांत राहिलेली बाई होती ती. पण आमच्या बारमधल्या गिऱ्हाइकांना हे म्हणजे माहेरच्या आठवणीत सासरला नावं ठेवण्यासारखं वाटायचं.

यात सगळ्यांत पुढे नॉर्बर्ट. शहराच्या बसगाड्यांचा मेकॅनिक होता, आता निवृत्त. रोज संध्याकाळी तोच स्टूल, तीच गोड ब्रँडी आणि तोच वाद. वर टीव्हीवर सुटाबुटातली चार माणसं टेबलाभोवती बसून हाच वाद घालायची. त्यांची मला तेव्हाही किळस यायची आणि आजही येते. एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम म्हणायचं, आवाज चढवायचा, जाहिरात आली की चौघांनी हसायचं, आणि पुढच्या आठवड्यात बाजू बदलून पुन्हा तेच. नॉर्बर्ट निदान फुकट ओरडत होता.

२०१३ सालच्या एप्रिलमध्ये आमचा संघ बाद फेरीत गेला. अडतीस सामने जिंकून, चव्वेचाळीस हरून. पूर्वेत तेवढ्यावर आठवा नंबर लागला. तिकडे पश्चिमेत युटाचा संघ त्रेचाळीस जिंकून नववा आला आणि घरी बसला.

डेलनं ही बातमी आली त्याच दिवशी हिरवं कापड आणलं आणि बारच्या आरशावर फलक लावला: आपण आत!

लॉटी स्वयंपाकघरातून बाहेर आली, फलक वाचला, आणि टेबल पुसायला लागली.

"काय झालं, चोचा?" डेलनं विचारलं. आमच्याकडे मावशी-काकूला चोचा म्हणतात, पोलंडहून आलेल्या आजीपासूनची सवय.

"कशात आत?"

"बाद फेरीत! पहिल्या सामन्याला प्रत्येकाला एक बिअर आपल्यातर्फे. मी नॉर्बर्टला सांगूनही टाकलंय."

"अर्ध्याहून जास्त सामने हरले आणि बिअर? मग जिंकलेल्यांना काय देतोस, किडनी?"

नॉर्बर्ट स्टूलावरून वळला. "लॉटी, आपलं पोर पास झालं तर शेजाऱ्याच्या पोराचे मार्क बघायचे नसतात."

"पास? पेपर सोपा काढला म्हणून पास. त्या युटाच्या पोरांना तुमच्या पेपराला बसवा, मग बोल."

"बरं, मग मायामी? सगळ्या देशात पहिला संघ कुठला आहे? पूर्वेचा. गेल्या वर्षी कप कुणी नेला? पूर्वेनं. कमकुवत विभाग कप नेतो होय?"

"एका घरात एक पैलवान निघाला म्हणून बाकीचे चौदा भाऊ धडधाकट झाले का? त्यांना उभं राहताना धाप लागते, नॉर्बर्ट. पहिल्याशी पहिला ताडून बघू नकोस, आठव्याशी आठवा बघ. तिकडचा आठवा पंचेचाळीस जिंकलाय. तिकडे रोज रात्री कुणीतरी तंगडी धरायला बसलेलं असतं. इकडे आठवड्यातून तीनदा पाहुणचार."

"नशीब असतं एकेकाचं."

"नशीब असू दे. त्याचा फलक नको." तिनं स्टूल ओढलं, गुडघे दुखत असताना वर चढली आणि कापड उतरवलं. "खेळा म्हणाले तर खेळावं खाली मान घालून. पण जे कमावलं नाही ते माझ्या घरात साजरं होणार नाही. टीव्हीही लागणार नाही."

आम्हांला वाटलं, रागात बोलली. पहिल्या सामन्याच्या दिवशी बार भरला, हिरव्या शर्टांनी. लॉटी आली, टीव्हीची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली आणि एप्रनच्या खिशात घातली. मग नॉर्बर्ट हसला, कारण त्याला ती गंमत वाटली.

"लॉटी, लाव गं."

"समोर स्टँकोकडे लागलाय."

"मिलवॉकीतला एकुलता एक बार असेल हा, जिथे मिलवॉकीचा सामना बंद आहे!"

"असेल."

ते उठले. एक एक करत सगळे रस्ता ओलांडून स्टँकोच्या बारमध्ये गेले. त्यातला एक दारात थुंकला. डेल माझ्यावर ओरडला, "बाबा, तुम्ही काहीच का बोलत नाही? धंदा बसतोय!" मला सामना बघायचा होता, आणि ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. रिकाम्या बारमध्ये मी ग्लास पुसत राहिलो आणि रस्त्यापलीकडून आरडाओरडा ऐकत राहिलो. तो लवकरच थांबला.

मायामीनं आमच्या संघाला सलग चार सामन्यांत गुंडाळून घरी पाठवलं. एकही सामना हातात आला नाही. त्यानंतर गिऱ्हाइकं मान खाली घालून परतली. नॉर्बर्ट म्हणाला, "तुझंच बरोबर होतं, बाई. स्टँकोकडे बसून मला माझीच शिसारी आली."

लॉटीला याचाही आनंद झाला नाही. "हरले म्हणून मी बरोबर? जिंकले असते तरी मी तेच म्हणाले असते. तुला अजून कळलंच नाही." आणि टेबल पुसलं.

इथपर्यंत ती माझ्या मते ताठ उभी होती. पुढे जे झालं ते मात्र वेगळं.

आमच्या चर्चच्या तळघरात बोलिंगच्या चार गल्ल्या होत्या. क्रिकेटमधलं नव्हे, जड गोळा घरंगळवून पलीकडच्या लाकडी पिना पाडायचं बोलिंग. हिवाळाभर तिथे बायकांची स्पर्धा चालायची, बारच्या, दुकानांच्या, कारखान्यांच्या नावानं संघ असायचे. तिथेही दोन गट, उत्तर आणि दक्षिण, आणि दोन्हींतले पहिले दोन-दोन संघ अंतिम फेरीला जायचे. लॉटीच्या बारचा संघ दक्षिणेत. गुडघ्यांमुळे ती स्वतः खेळत नव्हती, पण कॅप्टन तीच. संघातली सगळ्यांत जुनी बाई म्हणजे तिची मैत्रीण इर्मा ल्युट्के, जर्मन घरातली, बेकरीत केकवर साखरेची फुलं काढणारी. दोघी कारखान्यात एकाच टेबलावर उभ्या राहायच्या तेव्हापासूनची मैत्री. इर्मा जन्मभर बोलिंग खेळली आणि एकदाही अंतिम फेरीला गेली नाही.

टीव्ही बंद केला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात दक्षिण गटातले दोन संघ मध्येच मोडले. उरलेले यथातथाच. लॉटीचा संघ जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरला आणि तरीही गटात दुसरा येऊन अंतिम फेरीत पोचला. उत्तर गटात हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायकांचा संघ होता, यांच्यापेक्षा कितीतरी जास्त जिंकलेला, पण तिसरा. तो बाहेर.

लॉटीनं स्पर्धा चालवणाऱ्या बाईंना फोन केला आणि आपली जागा लाँड्रीच्या बायकांना देऊन टाकली. संघातल्या कुणालाही विचारलं नाही. मलाही नंतर कळलं.

शुक्रवारी मासे तळायची घाई चाललेली असताना इर्मा मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. कोट काढला नाही.

"हे खरं आहे, लॉटी?"

"काय?"

"मला बेकरीत एक गिऱ्हाईक सांगतं. केकचा डबा हातात घेऊन सांगतं, तुमच्या संघानं माघार घेतली म्हणून वाईट वाटलं. मी त्याच्याकडे बघतच राहिले."

लॉटी मासा पिठात घोळवत होती. "आपण हरलोय जास्त, इर्मा. त्या बायका आपल्यापेक्षा चांगल्या खेळल्या. त्या बाहेर बसणार आणि आपण रिबिनी लावून मिरवणार? मला ते कसंतरीच होतं."

"तुला कसंतरी होतं."

"तुला नाही होत?"

"मला खांदा दुखतो!" इर्माचा आवाज एवढा चढला की बाहेर बारमधलं बोलणं थांबलं. "डॉक्टरनं सांगितलंय, हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मला हा गोळा उचलता येणार नाही. तुला सांगणार होते अंतिम फेरी झाल्यावर. तू टीव्ही बंद केलास, मी एक शब्द बोलले का? तुझी भिंत, तुझा टीव्ही. पण ही अंतिम फेरी तुझी कुठे होती गं?"

लॉटीनं हात थांबवला. तेलात टाकलेले तुकडे करपायला लागले होते, ते मी काढले.

"तू तर गोळाही टाकत नाहीस," इर्मा म्हणाली. "बाकावर बसून नाक मुरडतेस. आयुष्यभर तेच केलंस." आणि ती आल्या दारानं निघून गेली.

त्या संध्याकाळी लॉटीनं कुणालाच धड मासा दिला नाही. काही कच्चा, काही जळका. एकानं ताट परत पाठवलं, तेव्हा ती त्या ताटाकडे बघत मला म्हणाली, "झिगी, मला ओकारी येतेय. माशाची नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला. स्पर्धा चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता कसं होणार, मी लाँड्रीच्या संघाला कळवलंय, त्यांनी नवे शर्टही शिवायला टाकलेत. मग लॉटी स्वतः हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी गेली. मी गाडीतून सोडलं. कामाची पाळी सुटली आणि बायका बाहेर आल्या, ब्लीचच्या वासासकट. त्यांची कॅप्टन ऑरेलिया, मूळची मेक्सिकोकडची, ठेंगणी आणि खांद्यानं रुंद.

लॉटीनं सरळ सांगितलं. "मी दिलेली जागा परत मागायला आलेय. लाज वाटतेय, पण आलेय. ती माझी नव्हतीच द्यायला."

ऑरेलियानं ऐकून घेतलं. "मिसेस ग्राबारेक, तुम्ही दिलीत तेव्हा आम्हांला वाटलं, कुणीतरी सरळ माणूस आहे. आता परत मागता?"

"हो."

"आणि मी माझ्या बायकांना काय सांगायचं? त्यांनी काय चूक केली?"

"काही नाही."

मागून एक बाई काहीतरी स्पॅनिशमध्ये बोलली आणि बाकीच्या हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. ऑरेलियानं त्यांना हातानं गप्प केलं. "परत देणार नाही. पण खेळून घ्यायची असेल तर या. रविवारी, चर्च सुटल्यावर. जो जिंकेल तो अंतिम फेरीत."

लॉटीला यापेक्षा न्याय्य काही सुचलं नसतं. गाडीत बसताना तिचा चेहरा उजळला होता, आणि तेच मला बघवलं नाही. हा निकाल तिच्या मनासारखा होता, इर्माच्या नव्हे. इर्माकडे जागा आधीच होती.

इर्मानं निरोप ऐकला आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे जे मिळालं होतं ते आता पुन्हा मिळवायचं. छान."

तरी ती आली. रविवारी तळघर भरलं होतं. नॉर्बर्ट आला, स्टँको आला, पाद्रीही जिन्यावर उभे राहिले. लॉटी बाकावर बसली, मांडीवर हात घट्ट धरून. इर्माचे सुरुवातीचे गोळे सुंदर गेले, जुन्या सवयीनं, सरळ मधोमध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग खांदा धरला. गोळा हातातून सुटायच्या आधीच खाली पडू लागला, कडेच्या पन्हळीत जाऊ लागला. ऑरेलियाच्या बायका न बोलता पिना पाडत गेल्या. त्यांनी दया दाखवली नाही आणि टोमणाही मारला नाही. शेवटी फरक एवढा मोठा होता की मोजणाऱ्या बाईनं तो मोठ्यानं सांगितलाच नाही.

इर्मानं बूट सोडले. लॉटी तिच्यासमोर उभी राहिली.

"त्या खरंच चांगल्या होत्या, इर्मा."

"हे मला आधीच ठाऊक होतं," इर्मा म्हणाली. "तुलाच बघायचं होतं ना? बघितलंस. आता झालं समाधान?" आणि तिनं एका हातानं कोट चढवायचा प्रयत्न केला. दुसरा हात वर जात नव्हता. लॉटी बाही धरायला पुढे झाली, तर इर्मा मागे सरकली, आणि ती बाही शेवटी ऑरेलियानं धरली.

लाँड्रीच्या बायका अंतिम फेरीत हरल्या. उत्तरेतल्याच दुसऱ्या संघानं त्यांना हरवलं. लॉटी बघायला गेली नाही.

त्यानंतर इर्मा शुक्रवारची यायची थांबली. खांद्याची शस्त्रक्रिया झाली, ती आम्हांला बेकरीतून कळली. लॉटी बदलली असं मी म्हणणार नाही. नॉर्बर्टशी तोच वाद चाले, पश्चिम अजूनही वरचढ होती आणि ती तसं म्हणायची. पण टीव्हीची वायर पुन्हा कधी काढली नाही. डेलनं पुढे एकदा फलक लावला, तो तिनं वाचला, टेबल पुसलं आणि आत गेली.

एकदा बार बंद करताना ती आपणहून बोलली. "झिगी, कारखान्यात मी कच्चं कातडं फेकायचे ना, ते कातडं होतं. त्याला खांदा नव्हता." मी म्हटलं, हो.

त्या हिवाळ्यापासून ती शुक्रवारी तळणं आटपलं की एक डबा बांधायची आणि इर्माच्या दारी जायची, बर्फातून, काठी टेकत. इर्मा दार उघडायची, डबा घ्यायची, दार लावायची. आत बोलवायची नाही. मी गाडीत बसून बघायचो आणि मला दोघींचाही संताप यायचा. दोन म्हाताऱ्या, एक उंबरठा आणि थंडगार होत चाललेला मासा. "कशाला जातेस?" मी विचारलं. "घेते ना डबा," ती म्हणाली. "फेकत तर नाही."

दुसऱ्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दार उघडलं ते उघडंच राहिलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता, मिलवॉकीचाच सामना लागला होता, पूर्वेतल्याच कुठल्यातरी रडक्या संघाशी. मी गाडीची काच खाली केली होती, म्हणून इर्माचा आवाज ऐकू आला.

"ये आत. थंडी येतेय. पण एक शब्द बोलायचा नाही. पूर्व नाही, पश्चिम नाही."

"नाही बोलत."

मीही मागोमाग गेलो. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या, मध्ये माशाचा डबा. लॉटीनं शब्द पाळला. आमच्या पोरांनी हातातला चेंडू तीनदा समोरच्यांना बहाल केला, समोरच्यांनी तो तेवढ्याच वेळा परत दिला, तिचं नाक वर गेलं, ओठ ओढला गेला, तरी ती गप्प. मध्यंतर झालं. पुन्हा खेळ सुरू झाला आणि आमच्या एका दांडग्या गड्यानं मोकळ्या टोपलीखाली उभं राहून चेंडू बाहेर मारला.

"शी," इर्मा म्हणाली.

लॉटीनं तिच्याकडे बघितलं नाही. डब्यातला माशाचा तुकडा उचलला आणि खायला लागली.